सतरा ढेपा

देवीला गूळ बोलताना किलोचा विचार कोण करतं? मीही केला नव्हता. वाशीच्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते आणि आत माझ्या सुनेला, ईश्वरीला, झटक्यांवर झटके येत होते. आठव्या महिन्यात बीपी चढलं ते उतरेचना. पोट कापून बाळ काढलं. मुलगी झाली, इवलीशी, तिला काचेच्या पेटीत ठेवली. बाळ रडलं म्हणून सांगायला नर्स आली, पण बाळाची आई काही शुद्धीवर येईना. माझा मुलगा निशांत भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी जिन्यात जाऊन बसले.

तेवढ्यात गोजराचा फोन आला. गोजरा शेजारच्या तळवली गावची. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत ती वर्षानुवर्षं मासळी घेऊन येते. दार बंद दिसलं म्हणून फोन केला होता. मी रडत रडत सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "रडू नको गो बाय. आमचे गावदेवीला बोल, सून घरा आली का तिची गुलाची तुला करीन. आयकते आमची आई. हाय ती."

पदर पसरायला अंगावर साडी नव्हती. ओढणी होती, ती पसरली. तुला म्हणजे एका पारड्यात माणूस बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भारंभार गूळ ठेवायचा आणि तो गूळ देवळात वाटून टाकायचा. आमच्या घरात आजवर कोणी केली नव्हती. पण त्या वेळी मला कोणी डोंगर उचलून आण म्हटलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

ईश्वरीने डोळे उघडले आणि पहिलं "बाळ?" विचारलं. मी तिथेच नर्सच्या गळ्यात पडले. नर्स बिचारी "मावशी, सलाईन, सलाईन" करत राहिली.

घरी सोडताना डॉक्टर उन्नतींनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून बजावलं. निदान दोन वर्षं दिवस राहता कामा नयेत. पुढेसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही. या वेळी वाचलात, पण इतक्यात पुन्हा दिवस गेले तर पुन्हा हेच होऊ शकतं, यापेक्षा वाईटही होऊ शकतं. तांबी बसवून घ्या, म्हणाल्या. ईश्वरीने मान डोलावली आणि नंतर बसवून घेतली नाही. तिच्या कुठल्याशा मावशीची तांबी म्हणे पोटात वर चढली होती. मग नवरा-बायकोने आपापसात काय ठरवायचं ते ठरवलं असेल. सासूने त्यात नाक खुपसायचं नसतं एवढं मलाही कळतं. माझ्या यजमानांचं म्हणणं असं की मला एवढं सोडून बाकी सगळं कळतं.

नात, जाई, सहा महिन्यांची झाली, बाळसं धरलं, आणि आम्ही नवस फेडायचं ठरवलं. आता माणूस मावेल असा तराजू आणायचा कुठून? आमच्या ह्यांची, सुधीररावांची, अख्खी नोकरी पावणे गावच्या एका कारखान्यात फिटर म्हणून झाली. निवृत्त झाले तरी त्यांचं तिथे जाणं-येणं सुरूच असतं. जुन्या दोस्तांनी लोखंडी पाइपचा सांगाडा जोडला, साखळ्या लावल्या, दोन बाजूंना दोन पाट टांगले आणि टेंपोत घालून तळवलीच्या देवळापुढे आणून उभा केला. मी ईश्वरीला विचारलं, "गूळ किती सांगू गं?" ती म्हणाली, "पासष्ट." लग्नाच्या बायोडाटावरही पासष्टच होतं. मी शहाणपणा करून सत्तर किलो मागवला, पाच-पाच किलोच्या चौदा ढेपा.

चौदाव्या ढेपेला पारडं हललंसुद्धा नाही. ईश्वरी पाटावर मांडी घालून बसलेली, अंगावर हिरवी साडी, मांडीवर हात. कोणीतरी म्हणालं, साखळी अडकली असेल. ह्यांनी साखळी तपासली, अडकली नव्हती. निशांत वाण्याकडे पळाला. तोवर देवळापुढे निम्मी तळवली जमली होती, आमच्या सोसायटीतल्या सातआठ बायका होत्या, ह्यांचे कारखान्यातले दोस्त होते. निशांत ढेपा घेऊन आला आणि त्या दोस्तांपैकी एकाने क्रेनवर माल चढवताना ओरडतात तसं मोजायला सुरुवात केली. पंधराऽऽ! सोळाऽऽ! लोक हसायला लागले. वाईट हसत नव्हते, पण हसत होते. सतराव्या ढेपेला पारडं उचललं आणि टाळ्या पडल्या.

ईश्वरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आमच्या मजल्यावरच्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "बाई गं, पंच्याऐंशी!" मी वळून म्हणाले, "देवीला जास्त मिळालं, तुमच्या घरचं काही गेलं का?" पण झालं ते झालं. घरी येताना टेंपोत ईश्वरी पदर घट्ट लपेटून बसली. त्यानंतर आमच्या घरात वजन हा शब्द कोणी काढला नाही. वाण्याकडून आलेला गूळसुद्धा मी किलोवर न मोजता डब्यात भरायला लागले.

गंमत बघा, पोरीचं पोट वजनावरच चालतं. न्हावा शेव्याला माल पाठवणाऱ्या एका कंपनीत ती कागदपत्रांचं काम बघते, निम्मा आठवडा घरूनच. कंटेनर जहाजावर चढवण्याआधी तो काट्यावर घालून त्याचं खरं वजन कळवावं लागतं. त्याशिवाय बंदरात घेत नाहीत. मला हे कळायचं काही कारण नव्हतं, पण दिवसभर फोनवर तिची लोकांशी त्यावरूनच वादावादी चाललेली असते. भाजी चिरता चिरता मी निम्मी कस्टम एजंट झाले आहे.

आता मुख्य गोष्ट. जाई वर्षाची होऊन गेली होती. शनिवारची सकाळ होती. मी ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आमच्या ड्राय बाल्कनीला निशांत-ईश्वरीच्या खोलीची खिडकी लागून आहे. बिल्डरने तशी का ठेवली ते त्यालाच ठाऊक. खिडकी उघडी होती, पडदा ओढलेला होता आणि आतून स्पीकरवर एका मुलीचा आवाज येत होता. मोबाइलवरच्या कुठल्यातरी डॉक्टरचा.

"गोळी कधी घेतली?"

"आज सकाळी. काल रात्री... म्हणजे फाटला तो," ईश्वरी म्हणाली. "मला फुल टेन्शन आलंय मॅडम. माझी डिलिव्हरी खूप क्रिटिकल झाली होती."

मी तिथून निघून जायला हवं होतं. खरंच हवं होतं. पण हातात निशांतची ओली पँट होती आणि पाय हलेनात.

"लवकर घेतलीत, छान," डॉक्टर म्हणाली. "तुमचं वजन किती? कारण सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या पुढे गेलं ना, की या गोळीचा भरवसा कमी होतो. मग दुसरा मार्ग बघावा लागतो. तोही पाच दिवसांच्या आत."

बाहेर मी मनातल्या मनात ढेपा मोजत होते.

"सिक्स्टी फाइव्ह," ईश्वरी म्हणाली.

"मग नो टेन्शन. पाळी लांबली तर टेस्ट करा."

फोन संपला. निशांत आतच होता, त्याचा खोकला मला ऐकू आला. वाण्याकडून ढेपा डोक्यावर घेऊन पळत आलेला हाच मुलगा, आणि त्याने तोंड उघडलं नाही. मी ती पँट अशी पिळली की शिवण उसवायची बाकी राहिली.

तो दिवस आणि पुढचा रविवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. वरण खारट झालं. जाईला उलटं झबलं घातलं. शेवटी ह्यांना म्हटलं, "अहो, एक विचारू? समजा तुम्हाला चोरून काहीतरी कळलं, ज्यात कोणाच्या जिवाचा प्रश्न आहे, तर तुम्ही काय कराल?"

हे पेपर खाली न करता म्हणाले, "तू काय ऐकलंस?"

मी सांगितलं. अर्ध्याहून अधिक शब्द गाळून सांगितलं, तरी त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. "हे बघ, तो त्यांचा खासगी मामला आहे. तू मध्ये पडू नकोस. निशांतशी मी बोलतो."

"काय बोलाल?"

त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "नाही, मला नाही जमणार."

जमणार नव्हतंच. या घरात अशा गोष्टी बोलायची कोणाला सवय आहे? माझ्या लग्नानंतर माझ्या सासूने मला या बाबतीत एक वाक्य सांगितलं होतं, तेही भिंतीकडे बघून. आणि इथे तर नुसतं ते बोलायचं नव्हतं, वजनही बोलायचं होतं. सतरा ढेपांनी पोळलेल्या पोरीला पुन्हा त्याच पारड्यात बसवायचं. ती म्हणेल, सासू कान लावून बसते, वर माझी मापं काढते. तिचं चूक म्हणता आलं नसतं. पण डोळे मिटले की मला तो जिना दिसत होता.

सोमवारी निशांत कामावर गेला, हे जाईला घेऊन खाली बागेत गेले. ईश्वरी खोलीत लॅपटॉप उघडून फोनवर कोणालातरी झापत होती. मी चहा घेऊन दारात उभी राहिले.

"नाही सर, अंदाजे नाही चालणार," ती सांगत होती. "तुम्ही बावीस टन लिहिलंय आणि काट्यावर सव्वीस भरला तर? बोटीचा बॅलन्स कोण सांभाळणार, तुम्ही? काट्याची पावती पाठवा, मग मी पुढे बघते." तिने फोन आपटला. "काय माणसं आहेत, आई! मनाला येतील ते आकडे लिहितात."

मी चहा टेबलावर ठेवला. "खोटं लिहिलं तर काय होतं गं?"

"बरेचदा काही नाही होत. पण होतं तेव्हा मोठा लफडा होतो. थप्पी कोसळते, माणसं मरतात."

मी पलंगाच्या कडेवर बसले. म्हटलं, "शनिवारी तू पासष्ट लिहिलंस."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, सुचित्रा, संपलं, या घरातलं तुझं सुनेशी बोलणं आज संपलं.

"तुम्ही ऐकत होतात?"

"कपडे वाळत घालत होते. कान कुठे वाळत घालू?"

"आई, ही आमची बेडरूम आहे!" ती उठून उभी राहिली. "आमचं काही पर्सनल असतं की नाही? हद्द आहे राव!"

"आहे. हद्द आहे, मान्य. तू माझ्याशी भांड, वर्षभर बोलू नकोस, तुझ्या आईला फोन करून माझं नाव सांग. सगळं कबूल. पण आज संध्याकाळी डॉक्टर उन्नतींकडे चल. ती फोनवरची पोरगी काय म्हणाली ते मीही ऐकलं आणि तूही ऐकलंस. दिवस आहेत अजून हातात."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलायला लागले. "मला खरं सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण निशांत बाजूला बसला होता. तोंडातून तेच निघालं. दर वेळी तेच निघतं. मग परत कसं घेऊ? आणि वाटलं, गोळी घेतलीय ना, थोडी तरी लागू पडेलच. तुम्हाला नाही कळणार. सतरा ढेपा, आई. सगळ्यांनी ओरडून मोजल्या."

"मीही मोजल्या," मी म्हटलं.

तिने वळून बघितलं.

"तू आत होतीस तेव्हा मी जिन्यात बसून कसले विचार करत होते ते तुला कधी बोलले नाही. आज बोलते. मला वाटत होतं, आता हिला खांदा द्यावा लागणार. माझ्या निशांतला द्यावा लागणार. आणि सहा महिन्यांनी तू हिरवी साडी नेसून पाटावर बसली होतीस, आणि पारडं उचलता उचलत नव्हतं. लोक हसत होते ते मला दिसलं. पण माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? अजून एक ठेवा, म्हणत होते मी. अजून एक. माझी पोर एवढी भरभक्कम जिवंत आहे, बघा म्हणावं. मला लाज नाही वाटली गं. तुला वाटत होती ते मला तिथे कळायला हवं होतं."

ईश्वरी पलंगावर माझ्या शेजारी येऊन बसली. दोघी रडलो. चहा गार झाला. मग ती नाक पुसत म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला नातू हवाय. दिवस राहिले तर तुम्ही खूश व्हाल."

"ते सोसायटीतल्या बायकांनी ठरवलंय, मी नाही. मला जी आहे ती पुरे, आणि तिला तिची आई हवी."

"पण डॉक्टर तांबीच बसवायला सांगतील," ती म्हणाली. "आणि ती वर चढते."

मग मी जे आजवर कोणाला, अगदी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "निशांतनंतर मी बसवली होती. सरकारी दवाखान्यात. तुझ्या सासऱ्यांशिवाय कोणाला माहीत नाही. पहिले दोनतीन महिने पाळीला जास्त त्रास झाला, मग मी विसरूनही गेले. वर्षानुवर्षं होती. ती कुठे चढली नाही, मीच रोज चार जिने चढायचे."

ती फसकन हसली. रडताना हसलं की नाकातून जे होतं ते झालं, आणि ती ओढणी शोधायला लागली. मी माझी दिली. तीच होती, जिन्यात पसरलेली.

निशांतला तिनेच फोन केला. काय बोलली ते मी ऐकलं नाही. या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला.

संध्याकाळी कोपरखैरण्याला डॉक्टर उन्नतींच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. मी येणार नव्हते, ईश्वरी म्हणाली चला. दवाखाना गच्च भरलेला. शालन सिस्टरने कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवलं. दर वेळी ईश्वरी इथे म्हणायची, "घरी केलंय, लिहा पासष्ट." आज तिने चपला काढल्या, पर्स माझ्याकडे दिली, काट्यावर उभी राहिली, खाली वाकून बघितलं आणि सिस्टर यायच्या आधीच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शहाऐंशी."

दोघीतिघींनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये घातली. एवढंच झालं. इतके महिने जिची धास्ती घेतली होती ती गोष्ट एवढ्यात आटोपली.

डॉक्टर उन्नतींनी सगळं ऐकून घेतलं. "गोळी घेतली ते ठीकच केलंत," त्या म्हणाल्या. "काहीच न घेण्यापेक्षा बरं. पण अंगाने भरलेल्या बाईच्या रक्तात त्या औषधाचं प्रमाण कमी राहतं, म्हणून तिच्यावर विसंबून राहता येत नाही. आणि तुमच्या बाबतीत मला अजिबात विसंबून राहायचं नाही. दुप्पट गोळ्या घेतल्या की काम होतं असंही नाही, त्यामुळे तसलं काही करू नका. दुसऱ्या जातीची एक गोळी थोड्या जास्त वजनापर्यंत चालते, पण तिलाही मर्यादा आहे आणि इथे ती हाताशी मिळेलच असं नाही. तांबीला तुमच्या वजनाशी काही घेणं-देणं नाही. पाच दिवसांच्या आत बसवली तर आत्तापुरतं काम होतं आणि पुढची वर्षंही निघतात. बरं झालं वेळेत आलात."

मग त्या निशांतकडे वळल्या. "तुम्ही शेजारी बसला होतात ना? का नाही बोललात?"

निशांत खाली बघत म्हणाला, "ती चिडते, मॅडम."

"चिडू दे की. चिडायला ती घरात असली पाहिजे."

निशांतने ईश्वरीचा हात धरला. सगळ्यांसमोर, माझ्यासमोरसुद्धा. लग्नात भटजींनी धरायला लावला तेव्हाही एवढा घट्ट धरला नसेल.

लघवी तपासली, बीपी बघितलं, दोन्ही ठीक निघालं. ईश्वरी आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसले. आतून एकदा "आई गं" ऐकू आलं. ती मला हाक नव्हती, सगळेच म्हणतात तसं ती म्हणाली होती. तरी मी उठून दारापर्यंत गेले. थोड्या वेळाने ती बाहेर आली, पोटावर हात, चेहरा थोडा उतरलेला. "कळ आली एक," म्हणाली, "पण संपलंसुद्धा." रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. तिचं डोकं जड आहे. मी खांदा हलवला नाही.

पुढचे काही आठवडे मी गप्प होते. एवढं गप्प राहणं मला बाधतं. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, विचारायचं नाही, तिला आंबट खावंसं वाटतंय का ते बघायचं नाही. एकदा तिने लिंबाचं लोणचं मागितलं तर माझ्या हातून बरणीचं झाकण पडलं. ती म्हणाली, "आई, नुसतं लोणचं हवंय."

मग एक दिवस मी भाकऱ्या थापत होते, ती स्वयंपाकघरात आली आणि भिंतीकडे वगैरे न बघता सरळ म्हणाली, "आई, पाळी आली."

मी पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली. तिच्या ऑफिसच्या काळ्या कुर्त्यावर माझ्या दहाही बोटांचे ठसे उमटले. तेवढ्यात तिला व्हिडिओ मीटिंग होती, ती तशीच जाऊन बसली. डॉक्टरांनी नंतर टेस्टही करून घेतली, तीही निगेटिव्ह आली. तव्यावरची भाकरी मात्र जळाली, ती ह्यांना वाढली. दोन घास खाल्ल्यावर हे म्हणाले, "मध्ये पडलीस ते बरं केलंस."

त्या बाईंचे, म्हणजे फोनवरच्या डॉक्टरचे, मी मनातल्या मनात कितीदा आभार मानलेत. तिने विचारलं तरी. नाव-गाव ठाऊक नाही, दिसते कशी ठाऊक नाही. गोजराचे मानले ते मात्र तोंडावर. तिला सगळं सांगता येत नव्हतं, नुसतं म्हटलं, "तुझ्या देवीने दुसऱ्यांदा राखलं." ती कोळंबी मोजता मोजता म्हणाली, "माजीच नाय गो, तुजी पन हाय." दोन कोळंब्या जास्त टाकल्या.

जाईचा दुसरा वाढदिवस जवळ आला तेव्हा ईश्वरीनेच विषय काढला. जेवताना ह्यांना म्हणाली, "बाबा, तो तराजू आहे का अजून?"

हे चपापले. "पावण्याला आहे, शेडमध्ये. का?"

"मला पुन्हा तुला करायचीय. जाईच्या वाढदिवसाला. मागच्या वेळी मी बसले, पण तिथे होते असं नाही वाटत मला. लाजेने काही बघितलंच नाही. देवीकडेसुद्धा नाही."

निशांतने घास तसाच हातात धरला. मी म्हटलं, "गूळ किती सांगू?" आणि म्हटल्यावर जीभ चावली.

"अठरा ढेपा सांगा," ईश्वरी म्हणाली. "कमी पडायला नको."

टेंपो आला, सांगाडा उभा राहिला, पाट टांगले. सोसायटीतल्या बायका आल्या, मजल्यावरच्या त्या बाईही आल्या. ह्यांच्या दोस्ताला निशांतने आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळी मोजायचं नाही. तो बिचारा हाताची घडी घालून उभा होता. ईश्वरी पाटावर बसली, जाईला मी कडेवर घेतलं होतं. पहिली ढेप ठेवली आणि ईश्वरी स्वतःच मोठ्याने म्हणाली, "एक!"

मग सगळेच म्हणायला लागले. तो दोस्त तर असा ओरडत होता की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. जाईला आकडे येत नव्हते, ती प्रत्येकाला टाळ्या वाजवत होती. सतराला पारडं थोडं डगमगलं. अठरावी ढेप ठेवली आणि माझी सून जमिनीवरून अलगद वर उचलली गेली, साखळी धरून, हसत, देवीकडे तोंड करून.

मी जाईला घेऊन गाभाऱ्यापुढे उभी राहिले. हात जोडायला जाई सोडेना, म्हणून नुसती मान वाकवली. काहीतरी मागायचं म्हणून ओठ उघडले, पण मागायला काही सुचेना.